जन्मभर राबलेल्या शरीराला पुन्हा व्यायाम कशाला?

"आमाले काय व्यायाम शिकवता रे बाबू? जिनगीभर तेच तं केलं!"

नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या विहारात आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी सकाळचा व्यायामवर्ग सुरू करण्याचा विषय मांडला, तेव्हा मागच्या सतरंजीवर बसलेल्या एका आजीने हा प्रश्न विचारला. सगळे विहार हसले. आम्हीही हसलो, पण आमच्याकडे उत्तर नव्हते. पंचवीस-तीस वर्षे बांधकामावर घमेली वाहिलेल्या बाईला 'हात वर करा, खाली करा' असे सांगायला आम्ही उभे होतो. आमची आम्हालाच लाज वाटली.

त्या आजीचा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यात आपल्या समाजाचा अख्खा इतिहास आहे. ज्यांच्या शरीराकडून पिढ्यान्‌पिढ्या फक्त काम वसूल केले गेले, त्यांना व्यायाम हा शब्द खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा वाटणारच. ढेरी आलेल्या साहेबांनी बागेत चालावे, आपण काय म्हणून? पण हाच प्रश्न आपल्या माणसांना म्हातारपणी खाटेवर नेऊन बसवतो, हे आम्ही आमच्या घरात पाहिले आहे. म्हणून हे उशिरा सुचलेले उत्तर.

आमची आई रेजा होती. पहाटे चार घरचे पाणी, मग ठिय्यावर उभे राहणे, मग दिवसभर विटा, रेती, सिमेंट. बाबा गिरणीत होते आणि साठी गाठायच्या आत गेले. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो आणि पहिली गोष्ट केली ती ही, की आईचे काम बंद केले. "आता बस. लय झालं राबनं," असे तिला सांगताना आमची छाती अभिमानाने फुगली होती. घरात झाडू मारायला आम्ही, पाणी भरायला सूनबाई, बाजारात जायला पोरे. आईसाठी पलंग, टीव्ही आणि हातात चहा. शेजारपाजारचे म्हणायचे, लेकराने मायचे पांग फेडले.

दोन वर्षांत आईला जमिनीवरून उठता येईना. आधी भिंतीचा आधार लागला, मग आमचा हात. विहारात वंदनेला ती खुर्ची मागू लागली. पुढे संडासला बसायची भीती वाटू लागली म्हणून तिने रात्रीचे जेवण कमी केले, आणि हे आम्हाला कितीतरी दिवस कळलेच नाही. एके पहाटे मोरीत पाय घसरला. हाड मोडले नाही, मनगटावर निभावले. दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो पाहिला, गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करता सांगितले, "वय झालं आता. आराम करू द्या."

म्हणजे ज्या आरामाने ती या अवस्थेला आली होती, तोच आराम औषध म्हणून लिहून मिळाला. आम्ही तो आणखी तीन आठवडे इमानेइतबारे दिला. तीन आठवड्यांनी ती दारापर्यंतही आधाराशिवाय जाईना.

तिथून आम्ही वाचायला लागलो. आपल्या लोकांचा स्वभावच तो, संकट आले की पुस्तक उघडायचे.

वाचून पहिली गोष्ट कळली ती अशी, की म्हातारपण आणि अशक्तपणा या एकच गोष्टी नाहीत. वय वाढते तसे स्नायू घटतात हे खरे. चाळिशीच्या आसपास ही घट सुरू होते आणि साठीनंतर वेग घेते. पण त्यातला मोठा वाटा वयाचा नसून न वापरण्याचा असतो. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साधारण सदुसष्ट वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस पूर्ण बिछान्यात झोपवून ठेवले. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. आमच्या आईला आम्ही दोन वर्षे बसवून ठेवले होते. हिशेब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. गेलेली ताकद परत येते. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा अतिशय अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा सराव दिला गेला. त्यांचे सरासरी वय होते नव्वद. नऊ जणांनी तो सराव पुरा केला आणि त्यांच्या मांडीच्या ताकदीत सरासरी १७४ टक्के वाढ झाली. दोघांची चालताना लागणारी काठी सुटली. नव्वदीत जर हे होते, तर आपल्या पासष्टीच्या मायबापांना 'आता काय राहिलं' म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्या माणसांसाठी साधा हिशेब सांगितला आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम थोडा वाढेल अशी हालचाल, म्हणजे जरा झपझप चालणे. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा सराव. आणि पडू नये म्हणून तोल सांभाळण्याचा व ताकदीचा मिळून सराव किमान तीन दिवस. एवढे जमत नसेल तर जमेल तेवढे करा, काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले केव्हाही बरे, असेही त्यातच सांगितले आहे. यात यंत्रे नाहीत, जिमची फी नाही, महागडे बूट नाहीत.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. जन्मभर राबणे म्हणजे व्यायाम नव्हता का?

१९५३ साली लंडनमधल्या दुमजली बसगाड्यांच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढून-उतरून. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळला. हालचाल हृदयाला वाचवते, हे विज्ञानाने असे कामगारांच्या शरीरावरूनच शिकले. यावरून कोणी म्हणेल, मग आपले हमाल, सफाई कामगार आणि रेजा तर सगळ्यांत निरोगी असायला हवेत. तसे दिसते का? आपल्या वस्तीत फिरून पाहा. पन्नाशीत कंबर गेलेली, गुडघे वाकलेले, छातीत धाप लागलेली माणसे कोणत्या घरात नाहीत?

याचेही उत्तर संशोधकांनी शोधले आहे. २०१८ साली सतरा अभ्यासांतली जवळपास दोन लाख माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. जड अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. स्त्रियांबाबत तसा निष्कर्ष निघाला नाही, म्हणून आम्ही तो आकडा ताणून आईला लावत नाही. पण मुद्दा स्पष्ट आहे. फावल्या वेळेतली हालचाल आयुष्य वाढवते आणि पोटासाठीची ओझी तसे करीलच याची खात्री नाही.

का? कारण साधे आहे. व्यायाम थोडा वेळ असतो, मग विश्रांती असते, आणि स्नायू बांधला जातो तो त्या विश्रांतीत. राबणे आठ-दहा तास चालते आणि थांबायची मुभा नसते. रक्तदाब आणि नाडी दिवसभर चढलेली राहते. व्यायामात सगळे अंग हलते, राबण्यात तेच ओझे, तोच खांदा, तीच कंबर. व्यायाम करणारा दुखले तर थांबतो. रेजा दुखले म्हणून थांबली तर मुकादम रोजी कापतो. व्यायामानंतर पोटभर सकस जेवण मिळते. राबणाऱ्याला काय मिळते ते आपण जेवूनच मोठे झालो आहोत.

म्हणजे फरक हालचालीत नाही, फरक मालकीत आहे. आपले शरीर कधी हलवायचे आणि कधी थांबवायचे, हे ठरवणारा कोण? आपल्या पूर्वजांच्या बाबतीत ते गाव ठरवत असे. महार वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री निरोप घेऊन मैलोन्‌मैल धावायचे, लाकडे फोडायची, मेलेली जनावरे ओढायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते या गुलामीतून माणसांची सुटका व्हावी म्हणून. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची उतरंड आहे, हे त्यांनी आपल्याला शिकवले. त्या उतरंडीची किंमत आपल्या बापजाद्यांनी मणक्यांनी आणि गुडघ्यांनी चुकवली.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले आणि १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही, हा त्याचा अर्थ. तो हक्क आम्ही आईला दिला, हे चुकले नाही. चुकले ते हे, की विश्रांती म्हणजे बसवून ठेवणे असे आम्ही समजलो. घमेले उतरवायलाच हवे होते. पण घमेल्याबरोबर आम्ही तिचे चालणे, वाकणे, बाजारहाट, चार बायांशी बोलणे सगळेच काढून घेतले. गुलामीच्या कष्टातून सोडवता सोडवता तिला घरातल्या शोभेच्या वस्तूसारखे ठेवून दिले.

काही तरुण मित्र म्हणतील, समाजासमोर आरक्षण, अत्याचार, बेकारी, खाजगीकरण एवढे प्रश्न असताना हा कसला विषय काढला? त्यांना आमचे सांगणे आहे, की आपली माणसे म्हातारी होईपर्यंत जगतात का, हाच आधी जातीचा प्रश्न आहे. २०२२ साली नऊ राज्यांच्या माहितीवरून झालेल्या एका अभ्यासात उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. हा फरक केवळ गरिबीने पुरता समजावता येत नाही, असेही त्यात दिसले. आधीच कमी मिळालेल्या आयुष्यातली शेवटची वर्षे जर आपली माणसे खाटेवर काढत असतील, तर तो अन्याय दुप्पट आहे.

शिवाय चळवळीचा हिशेब पाहा. आपल्या वस्तीचा इतिहास कोणाच्या डोक्यात आहे? विहाराची जागा कशी मिळवली, नामांतराच्या काळात कोण तुरुंगात गेले, पहिली वर्गणी कोणी काढली, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले नाही. ते या म्हाताऱ्यांकडे आहे. माणूस घरात अडकला की सभेला येणे बंद होते, मग बोलणे बंद होते, मग आपण त्याला विसरतो. एक गुडघा गेला की त्याच्याबरोबर चाळीस वर्षांची चळवळ घरात कोंडली जाते.

बाबासाहेबांचे शरीरही आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंना धम्म देताना ते काठीच्या आणि सहकाऱ्याच्या आधाराने उभे होते. वय फक्त पासष्ट. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना पोखरले होते. पुढे दोन महिनेही झाले नाहीत आणि ६ डिसेंबर उजाडला. त्यांनी समाजासाठी शरीर झिजवले, त्यावर बोलण्याची आमची लायकी नाही. पण आपण त्यातून काय शिकलो? चळवळीत रात्र-रात्र जागणे, वडापाववर दिवस काढणे, शुगर-बीपी न तपासणे याला आपण त्याग म्हणू लागलो. पन्नाशीत कार्यकर्ता गेला की शोकसभा घेतो आणि पुढच्या कार्यकर्त्याला त्याच वाटेने पाठवतो. आणखी दहा वर्षे जगून आणि उभे राहून काम करणे हेसुद्धा समाजाचे देणे फेडणेच आहे.

आणि हे सगळे आपल्या धम्माबाहेरचे नाही. चंक्रमण हा शब्द आपण विहारात ऐकतो. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरचा प्रवास झेपतो, प्रयत्नाची शक्ती राहते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालता चालता मिळवलेली चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. बोधगयेला महाबोधी विहाराच्या शेजारी तथागतांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. ऐंशीव्या वर्षी, शरीर जुन्या गाड्यासारखे आवळून-बांधून चालवावे लागते असे स्वतः सांगत, पाठीचे दुखणे सोसत, ते राजगृहाकडून कुसिनाऱ्यापर्यंत पायी चालत गेले. वाटेत थकले तेव्हा झाडाखाली चीवर अंथरायला सांगून बसले आणि पुन्हा चालू लागले. थकल्यावर बसायचे आणि बसल्यावर पुन्हा उठायचे. म्हातारपणाच्या व्यायामाचे सगळे शास्त्र यात आले.

तर आता आम्ही काय करतो ते सांगतो.

आजीला आम्ही व्यायाम हा शब्दच सांगणे सोडले. "मावशी, स्वतःच्या हातानं मोरीत जाता यावं, दीक्षाभूमीवर स्वतःच्या पायानं चालता यावं, यासाठी या," एवढेच म्हणालो. पहिल्या दिवशी चार जण आले. आता पंधरा-सोळा येतात, त्यात बाया जास्त. सकाळी साडेसहाला त्रिशरण-पंचशील होते आणि मग विहाराच्या आवारात सुरुवात.

प्लॅस्टिकच्या भक्कम खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवतो. हात न टेकता खुर्चीवरून उठायचे आणि सावकाश बसायचे. ज्याला जमत नाही त्याने आधी हात टेकावा, किंवा खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी. पाचपासून सुरुवात करून दहापर्यंत जायचे. मग भिंत धरून टाचा उचलायच्या. मग भिंतीजवळ एका पायावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत उभे राहायचे, शेजारी एक तरुण कार्यकर्ता हवाच. पाण्याने भरलेल्या लिटरभराच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करायच्या. शेवटी आवारात फेऱ्या. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग. दमले की बसा, कोणी हसणार नाही. लुगडे नेसून सगळे करता येते, वेगळ्या कपड्यांची गरज नाही. सपाता मात्र घसरणाऱ्या नकोत.

पथ्ये तीन. सुरुवातीआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायची. छातीत दुखले, चक्कर आली, अंगाला घाम सुटून धाप लागली तर लगेच थांबायचे आणि दवाखाना गाठायचा. आणि गुडघा झिजलाय म्हणून बसून राहायचे नाही. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. दुखणे वाढून दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत असेल तर प्रमाण कमी करायचे, बंद करायचे नाही.

एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला बरोबर अडवले होते. ते म्हणाले, "म्हाताऱ्यानं व्यायाम केला नाही म्हणून आजारी पडला, असं उद्या सरकार म्हणेल आणि हात झटकेल." हा धोका खरा आहे. म्हणून स्पष्ट सांगतो, व्यायाम हा पेन्शनचा, रेशनचा किंवा दवाखान्याचा पर्याय नाही. श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारात महिना कसा काढायचा, हा प्रश्न व्यायामाने सुटत नाही. अर्ध्या पोटी कोणाला व्यायाम सांगणे हा तर क्रूरपणा आहे. स्नायूला डाळ, अंडी, मासे, मटण लागते. त्या ताटावर कोणाची धार्मिक पाळत नको.

उलट व्यायाम सुरू केला तेव्हाच आम्हाला मागण्या नीट दिसल्या. शहराच्या सुखवस्तू भागात दर अर्ध्या किलोमीटरवर बाग आहे, बाक आहेत, चालायला फरशी आहे. आपल्या वस्तीत रस्त्याच्या कडेला उघडी नाली आहे आणि फूटपाथ कुठे आहे तिथे गाड्या उभ्या आहेत. म्हातारी बाई अंधारात चालायला निघाली तर दिव्याचा खांब बंद. सार्वजनिक संडासात धरायला साधा लोखंडी दांडा नाही. चालणे हा जर आरोग्याचा मार्ग असेल तर चालायची जागा हा हक्क आहे. आपल्या प्रभागात बाग, बाक, दिवे, संडासात दांडे आणि आरोग्य केंद्रात म्हाताऱ्यांसाठी आठवड्यातून एक दिवस, एवढ्या पाच मागण्यांचे निवेदन आम्ही दिले आहे. अजून फक्त दिवे लागले आहेत. पाठपुरावा चालू आहे.

तरुण मित्रांनो, जयंतीच्या डीजेला जेवढी वर्गणी निघते तिच्या अगदी थोड्या भागात प्रत्येक विहारात दहा भक्कम खुर्च्या आणि एक रक्तदाबाचे यंत्र येईल. समता सैनिक दलाने एकेकाळी वस्तीतल्या पोरांना कवायत आणि लाठी शिकवून ताठ मानेने चालायला लावले. ती पोरे आता म्हातारी झाली आहेत. त्यांना पुन्हा ताठ उभे करायची पाळी आपली आहे. घरी जा आणि आधी आपल्या आईला किंवा बापाला हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगा. जे दिसेल ते पाहून मग हा लेख विसरायचा की नाही ते ठरवा.

आमची आई सहा महिने झाले रोज येते. पळत नाही, तिला कुठली शर्यत जिंकायची नाही. गेल्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही सवयीने हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, एक हात जमिनीला टेकला, एक गुडघा वर घेतला आणि उठली. लुगड्याची धूळ झटकत म्हणाली, "हात काहून देतं? मी काय म्हातारी झाली का?"

आणि तो प्रश्न विचारणारी आजी? ती आता पहिल्या खुर्चीवर असते. कोणी नवे आले की तीच सांगते, "बाई, तवा मालकासाठी हाललो, आता आपल्यासाठी हालू."

आमच्या सगळ्या वाचनापेक्षा हे उत्तर चांगले आहे.

जय भीम!